जुन्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या कशा वाचायच्या (खुनी आपणच पकडायचा असेल तर)

"मला तर पन्नासाव्या पानालाच कळलं होतं खुनी कोण ते" असं म्हणणारे खूप भेटतात, आणि त्यांना विचारलं की बाबा कशावरून कळलं, तर उत्तर येतं "असंच, वाटलं". हे धरायचं नाही. आठ संशयित असलेल्या पुस्तकात डोळे मिटून कोणाचंही नाव घेतलं तरी कधीतरी बरोबर येणारच, त्यात काय विशेष. जुनी डिटेक्टिव्ह कादंबरी, म्हणजे ढोबळमानाने पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मधली, जिला गोल्डन एज वगैरे म्हणतात ती, हा लेखक आणि वाचक यांच्यातला उघड सामना आहे आणि गणिताच्या पेपरसारखं त्यात मार्क उत्तराला कमी आणि स्टेप्सना जास्त. कोणी मारलं, कसं मारलं, का मारलं आणि हे तुला पुस्तकातल्या कुठल्या ओळीवरून कळलं, ही चारही उत्तरं आली तर तुम्ही जिंकलात. नुसतं नाव आलं तर ड्रॉ सुद्धा नाही.

आणि शंभर वर्षं होत आली तरी लोक ही पुस्तकं का वाचतात याचं माझं उत्तरही तेच आहे. धुकं, बंगले, मिशा, पाइप हे सगळं आवडतंच, पण खरी गंमत अशी की सगळे पुरावे तुमच्या डोळ्यासमोर ठेवलेले असतात आणि तरी तुम्हाला दिसत नाहीत. आजच्या बऱ्याच थ्रिलरमध्ये शेवटी "पण तुला माहीत नव्हतं की..." करून नवीनच माहिती काढतात, तिथे वाचणाऱ्याने करायचं काय, हात बांधून बसायचं. जुन्यांमध्ये तसं चालत नव्हतं. निदान चालू नये असा नियम तरी होता.

नियम आधी समजून घ्या, पुढे फार कामाला येतात

१९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्र्याने, जो स्वतःही डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहायचा, दहा नियम काढले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत एस. एस. व्हॅन डाइनने वीस काढले होते. १९३० मध्ये लंडनला डिटेक्शन क्लब सुरू झाला, पहिले अध्यक्ष चेस्टरटन, मेंबरांमध्ये ख्रिस्ती, सेयर्स, बर्कली असे सगळे दिग्गज, आणि नवीन मेंबरला चक्क शपथ घ्यावी लागायची की माझा डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्कार, बायकी अंतःप्रेरणा, योगायोग असल्या गोष्टींवर केस सोडवणार नाही आणि वाचकापासून महत्त्वाचा पुरावा लपवणार नाही. अर्धी थट्टाच होती ती सगळी. पण अर्धी नव्हती.

आता हे नियम लेखकांसाठी होते, पण वाचणाऱ्याने ते उलटे करून वापरायचे असतात, हे कोणी सांगत नाही. उदाहरणार्थ नॉक्सचा पहिला नियम, गुन्हेगाराचा उल्लेख गोष्टीत सुरुवातीलाच आलेला पाहिजे. म्हणजे पुस्तकाचा पहिला पाव-एक भाग झाला की नंतर येणारी माणसं बिनधास्त बाद करा, वकील असो, इन्स्पेक्टर असो नाहीतर ऑस्ट्रेलियातून अचानक उगवलेला पुतण्या असो, फक्त एवढंच बघा की त्या पुतण्याचा विषय आधी जेवणाच्या टेबलावर निघाला होता का, कारण निघाला असेल तर तो बाद नाही, आणि असंही असू शकतं की तो ऑस्ट्रेलियातून आलेलाच नाही, पहिल्या दिवसापासून दुसऱ्या नावाने घरातच बसलाय. दुसरा नियम भुताखेतांना बंदी. म्हणजे पुस्तकात प्लँचेट झालं, शाप निघाला, गढीत रात्री पांढरी बाई फिरली, तर त्याच्यामागे माणूस आहे आणि त्या माणसाचा त्यात फायदा आहे, तो फायदा शोधा. जुळ्या भावांबद्दल नियम आहे की आधी कल्पना दिल्याशिवाय आणायचे नाहीत, त्यामुळे कोणीतरी सहज म्हणालं की "ती अगदी तिच्या बहिणीसारखी दिसते", तर त्याला सहज समजू नका.

सगळ्यात उपयोगी नियम वॉटसनचा. डिटेक्टिव्हचा जो मित्र गोष्ट सांगतो त्याने मनातलं काही लपवायचं नाही, आणि त्याची बुद्धी सरासरी वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचित कमी असावी असं नॉक्स म्हणतो. म्हणून होम्सचा वॉटसन किंवा ॲगाथा ख्रिस्तीच्या पुआरो या डिटेक्टिव्हचा मित्र कॅप्टन हेस्टिंग्ज जेव्हा सांगतो की मी अमुक पाहिलं, तेव्हा ते खरं धरा. जेव्हा तो सांगतो की त्याचा अर्थ अमुक, तेव्हा तो अर्थ शक्यतो चुकीचा धरा. त्याच्या डोळ्यांवर विश्वास, त्याच्या मतावर नाही. हेस्टिंग्जला एखादी मुलगी फार निष्पाप वाटली की मी तर तिच्या नावापुढे लगेच संशयाची फुली मारतो.

(नॉक्सचा पाचवा नियम आज वाचताना दचकायला होतं, गोष्टीत चिनी माणूस नको असा आहे तो. त्या काळी स्वस्त थ्रिलरमध्ये दर दुसरा व्हिलन गूढ चिनी असायचा, त्याला टोमणा होता. एकंदरच या काळातल्या पुस्तकांमध्ये ज्यू लोकांबद्दल, परदेशी लोकांबद्दल, नोकरांबद्दल कडवट शेरे येतात, ख्रिस्तीमध्येही येतात, माहीत असू दे.)

आणि हो, मोठे लेखक हे नियम मोडतातही. पण नियम माहीत असले तरच मोडल्याची मजा येते, म्हणून तर वाचायचा क्रम महत्त्वाचा.

कुठून सुरू करायचं

एडगर ॲलन पोपासून सुरू करा असं पुस्तकी लोक सांगतात, कारण १८४१ ची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' ही पहिली डिटेक्टिव्ह कथा मानतात, बंद खोली, पॅरिस, हुशार द्युपाँ आणि त्याचा भाबडा मित्र, सगळा साचा तिथेच तयार झाला. वाचा, मान द्या, पुढे चला. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' १८६८ ची आहे, जाडजूड आहे, पण आपल्याकडच्या वाचकाला तिच्यात वेगळी गंमत आहे कारण हिरा चोरीला जातो तो मुळात इथला, सुरुवातच १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात होते, टिपू सुलतान पडतो त्या दिवशी. निवांत सुट्टी असेल तेव्हा घ्या. सुरुवातीला नको, दमाल.

सुरुवात होम्सच्या छोट्या कथांपासून करा. कादंबऱ्या चार आहेत, कथा छप्पन्न, आणि जीव कथांमध्ये आहे. १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकात यायला लागल्या, १८९३ मध्ये लेखक कॉनन डॉयलने कंटाळून होम्सला धबधब्यात ढकलला आणि मग लोकांच्या रेट्यामुळे परत आणावा लागला, हे सगळं माहीतच असेल. पण एक सांगतो जे होम्सभक्तांना आवडत नाही, की सामना म्हणून बघितलं तर होम्सच्या बहुतेक कथा फेअर नाहीत. तो भिंगातून गालिच्यावर काहीतरी बघतो, "अच्छा!" म्हणतो, उचलून पाकिटात टाकतो आणि काय उचललं ते आपल्याला शेवटच्या पानावर कळतं. तिथे आपण फक्त प्रेक्षक. प्रेक्षक म्हणून तो भन्नाटच आहे, पण प्रॅक्टिससाठी मोजक्याच कथा चालतात, आणि त्यातली माझ्या मते सगळ्यात उत्तम म्हणजे 'सिल्व्हर ब्लेझ', १८९२ ची. ती अजून वाचली नसेल तर इथेच थांबा, वाचून या, पंचवीस-तीस पानं असतील, फुकट मिळते. कारण पुढचे तीन पॅरे मी तिची चिरफाड करणार आहे. खुनी मात्र सांगणार नाही.

डार्टमूरच्या माळावर रेसच्या घोड्यांचा तबेला. वेसेक्स कप तोंडावर आलेला आणि त्यातला फेव्हरिट घोडा सिल्व्हर ब्लेझ रात्रीतून गायब, त्याचा ट्रेनर स्ट्रेकर माळावर मरून पडलेला. त्या रात्री तबेल्यात नेड हंटर नावाचा पोरगा पहाऱ्याला होता, दोन पोरं वर माळ्यावर झोपलेली, खाली कुत्रा. मोलकरीण नेडचं जेवण घेऊन जाते, जेवण काय तर करी घातलेलं मटण. वाटेत लंडनहून आलेला एक सट्टेबाज, सिम्प्सन, तिला गाठतो, मग खिडकीशी येऊन नेडकडून आतली टिप काढायचा प्रयत्न करतो. सकाळी नेड गुंगीत सापडतो, अफू दिलेली. पोलिसांनी अर्थातच सिम्प्सनला धरलं.

आता कुत्र्याचा किस्सा सगळ्यांना माहीत असतो, रात्री कोणीतरी येऊन घोडा घेऊन गेलं आणि कुत्रा भुंकला नाही, म्हणजे येणारा त्याच्या ओळखीचा. फेमस आहे. पण मला विचाराल तर कुत्र्यापेक्षा मटण भारी आहे. अफूच्या पावडरीला चव असते. साध्या जेवणात घातली तर खाणाऱ्याला लागेल, तो ताट बाजूला करेल. करीत मात्र दबून जाते. आता विचार करा, सिम्प्सन बाहेरचा माणूस, त्या घरात त्या रात्री करी शिजणार हे त्याला कसं माहीत असणार, आणि नेमकी तो अफू घेऊन आला त्याच रात्री योगायोगाने करी झाली असं मानायचं का? नाही. ज्याच्या हातात त्या रात्रीचं जेवण ठरवणं होतं त्यानेच अफू घातली. घरातले बाकी लोकही तेच मटण जेवले आणि त्यांना काही झालं नाही, म्हणजे पातेल्यात नाही, नेडच्या ताटात घातली, मोलकरीण निघायच्या आधी. सिम्प्सन एका फटक्यात बाद, आणि संशय माळावरून उचलून थेट घरात.

यात बघायचं काय, तर "करी" हा शब्द डॉयलने लपवलेला नाही. सरळ लिहिलाय, आणि लगेच पुढे अंधारातून एक अनोळखी माणूस बाहेर काढलाय, की तुम्ही माणसाकडे बघणार, ताटाकडे नाही. या एका युक्तीवर पुढची पन्नास वर्षं डिटेक्टिव्ह कादंबरी चालली म्हणा ना. त्याच कथेत लंगडणाऱ्या मेंढ्या आहेत, एक कपड्यांचं बिल आहे, एक विचित्र नाजूक सुरी आहे, त्यांचं काय करायचं ते तुम्ही बघा. (घोड्यांच्या रेसमधलं आपल्याला काही कळत नव्हतं हे डॉयलने नंतर स्वतःच कबूल केलंय. रेसचे जाणकार या कथेवर जाम हसायचे म्हणे. चालतंय.)

होम्सनंतर चेस्टरटनच्या फादर ब्राउन या पाद्री डिटेक्टिव्हच्या दोन-चार कथा घ्या, पहिला संग्रह १९११ चा. तिथे धडा वेगळा आहे, की आपण काही माणसांना माणूस म्हणून मोजतच नाही. आणि मग ख्रिस्ती.

ख्रिस्ती बाईंचा हात कसा ओळखायचा

ॲगाथा ख्रिस्तीने सहासष्ट डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिल्या, सगळ्या सारख्या नाहीत, शेवटच्या काही तर भक्तांनीच वाचाव्यात. पहिली 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स', १९२०. पहिल्या महायुद्धात ती टॉर्कीच्या हॉस्पिटलमध्ये औषधं देण्याच्या खात्यात काम करत होती, विषांची माहिती तिथली, आणि औषधवाल्यांच्या व्यावसायिक नियतकालिकाने या कादंबरीतल्या विषाचं कौतुक केलं होतं. तिला त्या कौतुकाचा फार आनंद होता.

तिचं लपवणं तीन-चार प्रकारचं असतं. एक म्हणजे यादी. टेबलावर काय काय होतं याची सात वस्तूंची यादी येते, त्यातली पहिली आणि शेवटची आपल्या लक्षात राहते, कामाची वस्तू चौथी किंवा पाचवी असते. दुसरं म्हणजे पुरावा देऊन लगेच व्यत्यय आणणं, कोणीतरी महत्त्वाचं बोलतं आणि तेवढ्यात चहा येतो, कप पडतो, कर्नल कुठल्यातरी युद्धाची गोष्ट सुरू करतो, आपण कंटाळून पान उलटतो. तिचे कंटाळवाणे प्रसंग कधीच कंटाळवाणे नसतात हे लक्षात ठेवा. तिसरं, बडबड्या मूर्ख बायका. ज्या पात्राचं बोलणं घरातलं कोणीच सीरियसली घेत नाही, त्या पात्राने काय पाहिलं ते तुम्ही सीरियसली घ्या. आणि चौथं, सगळ्यात पक्कं, संपूर्ण खरं पण अर्धवट वाक्य. कोणी म्हणतं "मी खोलीत गेले तेव्हा ते खुर्चीत बसलेले दिसले." दिसले. जिवंत होते असं म्हटलंय का कुठे? नाही ना. आपण स्वतःच ते भरून घेतो आणि मग शेवटी लेखिकेला शिव्या घालतो.

क्रम असा ठेवा. आधी 'स्टाइल्स' आणि 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' (१९३०, मिस मार्पल या म्हाताऱ्या डिटेक्टिव्ह बाईची पहिली कादंबरी), मग 'द एबीसी मर्डर्स' (१९३६) आणि 'डेथ ऑन द नाइल' (१९३७). हे झाल्यावर 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' (१९२६) आणि 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' (१९३४). लोक उलटं करतात, हीच दोन सगळ्यात गाजलेली म्हणून पहिली हीच उचलतात आणि मग म्हणतात ठीक होतं. अहो, ती दोन्ही पुस्तकं वाचकाच्या सवयीवर घाव घालतात, तुम्हाला सवयच लागलेली नसेल तर घाव कशावर बसणार. 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९) कधीही वाचा, त्यात डिटेक्टिव्हच नाही, तो वेगळा खेळ आहे, आपल्याकडचा १९६५ चा 'गुमनाम' त्याच्यावरच बेतलेला, गाणी सोडून. फाइव्ह लिटल पिग्ज नावाची एक आहे १९४० च्या दशकातली, सोळा वर्षांपूर्वीचा खून, पाच साक्षीदार, पाचही जण तीच घटना आपापल्या शब्दांत लिहून देतात. माझ्या मते तिची सगळ्यात उत्तम कादंबरी ती, आणि वहीत लिहीत वाचायला सगळ्यात योग्यही तीच.

वही, पेन्सिल आणि इंग्लंडचे कायदे

वही म्हणजे काही फार नाही, एक कोरं पान पुरतं. आपल्या वाचकाची पहिली अडचण नावं. तीस पानांत एक मेजर, एक कर्नल, एक व्हिकर (म्हणजे गावचा पाद्री), दोन मिस आणि तीन मिसेस येतात आणि चौथ्या प्रकरणात मेजर आणि कर्नल एक होऊन जातात. त्यामुळे नाव आलं की लिहा, पुढे नातं, आणि त्याच्यापुढे मेलेल्या माणसाकडून याला काय मिळणार. खून झाला की त्या संध्याकाळचं टाइमटेबल मांडा, कोण कुठे होतं, आणि प्रत्येक वेळेपुढे लिहा की हे आपल्याला कोणी सांगितलं. बस, हा शेवटचा रकाना महत्त्वाचा. साडेनऊला साहेब जिवंत होते हे पुस्तकात सगळेच गृहीत धरून चालतात, पण तुमच्या पानावर दिसतं की ते फक्त एकाच माणसाने सांगितलंय, आणि तेही दाराबाहेरून आवाज ऐकून.

खोली आतून बंद असेल तर घाबरू नका. जॉन डिक्सन कारच्या 'द हॉलो मॅन' (१९३५) मध्ये त्याचा जाडा डिटेक्टिव्ह डॉक्टर फेल गोष्ट थांबवून एक अख्खं प्रकरण बंद खोलीच्या खुनांवर लेक्चर देतो, आणि आपण डिटेक्टिव्ह कादंबरीतली पात्रं आहोत हे उघड म्हणून देतो. कमाल आहे. त्यातून आपल्या कामाचे प्रश्न एवढेच काढायचे की खोली बंद झाली तेव्हा माणूस खरंच जिवंत होता का, दार फोडलं तेव्हा तो खरंच मेलेला होता का, दार खरंच बंद होतं का की एकाने "बंद आहे" म्हटलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली, आणि दार फुटल्यावर सगळ्यात आधी आत कोण धावलं. बहुतेक बंद खोल्या यातल्या एका प्रश्नाला उघडतात.

कारणाचं मात्र आपल्याला कळत नाही कारण तिथले कायदे माहीत नसतात आणि लेखक ते समजावत बसत नाही, त्याच्या वाचकाला ते माहीतच होते. दोन-तीन गोष्टी पाठ करून ठेवा. इंग्लंडच्या कायद्यात लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द व्हायचं. म्हणजे म्हाताऱ्याने सगळी इस्टेट पुतणीला लिहून ठेवलीये आणि आता तो नर्सशी लग्न करतोय, तर पुतणीकडे लग्नाच्या तारखेपर्यंतच वेळ आहे, आणि त्याने गुपचूप लग्न उरकलेलं असेल तर पुतणीने फुकटच खून केला. घटस्फोट १९३७ च्या कायद्याआधी व्यभिचार सिद्ध केल्याशिवाय जवळजवळ मिळतच नव्हता, वेडाच्या इस्पितळात बायको असेल तरी नाही, त्यामुळे "सोडून का नाही दिलं, मारलं कशाला" हा आपला प्रश्न त्या काळात फोल आहे. खुनाला फाशी होती, १९६० च्या दशकापर्यंत, म्हणून साक्षीदार खोटं बोलतात ते प्रेमापोटीही बोलतात, कोणालातरी वाचवायला, आणि निम्मं पुस्तक अशी खोटी बाजूला करण्यातच जातं. विष विकत घेताना केमिस्टच्या वहीत सही करावी लागायची, पण आर्सेनिक तण मारायच्या औषधात आणि माश्या मारायच्या कागदात सर्रास मिळायचं, म्हणून माळ्याच्या खोपटात कोण कोण जातं ते नीट बघा. टपाल दिवसातून अनेकदा यायचं, सकाळी टाकलेलं पत्र शहरातल्या शहरात संध्याकाळी पोचू शकायचं, त्यामुळे "पत्र कधी मिळालं" हा अगदी मिनिटांवर येणारा मुद्दा असू शकतो.

एवढं करून डोकं उठत असेल तर सोडा आणि नुसतं वाचा. पण एकदा तरी करून बघा.

थांबायचं कुठे

एलरी क्वीन हे नाव दोन चुलतभावांनी मिळून घेतलेलं, त्यांचा डिटेक्टिव्हही त्याच नावाचा. १९२९ च्या 'द रोमन हॅट मिस्ट्री'पासून सुरुवातीच्या पुस्तकांत ते शेवटाआधी चक्क थांबून वाचकाला आव्हान देतात की आता सगळे पुरावे तुझ्याकडे आहेत, बोल. असं पान ज्यांच्यात नसतं तिथे ते आपण ठरवायचं. खूण सोपी आहे. डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, किंवा म्हणतो की मी किती मूर्ख होतो, किंवा कुठेतरी तार करतो आणि काय तार केली ते सांगत नाही. तिथे पुस्तक मिटा. पाठीमागे थोडीच पानं उरलेली असतात, हात शिवशिवतात, तरी मिटा. एक रात्र जाऊ दे. वहीत नाव लिहा आणि त्याच्याखाली कारण, पद्धत आणि निदान तीन पुरावे, पान नंबरासकट. पान नंबर नसेल तर "वाटलं" मध्ये मोडतं, वर सांगितलंय.

दोघं-तिघं मिळून वाचत असाल तर अजून धमाल येते, घरातले सगळे एकच पुस्तक फिरवून वाचा, प्रत्येकाने चिठ्ठी लिहून डब्यात टाका, मग उघडा. आमच्याकडे चिठ्ठीत आईने कायम पुस्तकातल्या नवऱ्याचं नाव लिहायचं असं ठरूनच गेलंय, पुस्तक कुठलंही असो, आणि वैताग म्हणजे तिचा स्कोअर वाईट नाही.

आपल्याला उत्तर पक्कं कळलं असं ज्याला वाटतं त्याने अँथनी बर्कलीचं 'द पॉयझन्ड चॉकलेट्स केस' (१९२९) जरूर वाचावं. विषारी चॉकलेटच्या एकाच केसवर सहा जणांचं मंडळ बसतं, रोज एकजण उठून पुराव्यानिशी खुनी सिद्ध करतो, सगळे माना डोलावतात, दुसऱ्या दिवशी पुढचा येऊन ते मोडतो. पुरावे तेच. डिटेक्टिव्हचं शेवटचं भाषण ऐकून आपण लगेच पटवून घेतो ते किती कच्चं असतं हे तिथे कळतं, आणि त्यानंतर पुआरोचं बोलणंसुद्धा तुम्ही भुवया उंचावून ऐकायला लागता, जे चांगलंच आहे.

दुसऱ्यांदा वाचा, खरंच

खुनी कळल्यावर पुस्तक संपलं असं समजून कपाटात टाकतात, तिथे अर्धी मजा सोडून देतात. लगेच नाही, पण वर्षाभराने तेच पुस्तक परत काढा आणि फक्त खुनी माणसावर डोळा ठेवून वाचा, तो प्रत्येक वेळी काय बोलतो, कोणाकडे बघतो, लेखिकेने कुठे त्याचं बोलणं दिलंय आणि कुठे नुसतं "तो गप्प राहिला" म्हणून सोडलंय. पहिल्या वाचनात दुःख वाटलेलं वाक्य आता भीती वाटतं आणि शब्द एकही बदललेला नसतो. 'अॅक्रॉइड' तर दुसऱ्यांदाच वाचायचं पुस्तक आहे, याहून जास्त बोलत नाही. ज्या पुस्तकात दुसऱ्यांदा काहीच सापडत नाही ते पुस्तक पहिल्यांदाही फारसं चांगलं नव्हतं, अशी माझी कसोटी आहे, आणि तिच्यात डोरोथी सेयर्स आश्चर्यकारकरीत्या टिकते, तिचं कोडं कधीकधी कच्चं असतं पण तिची माणसं आणि जागा पक्क्या. 'मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज' (१९३३) मधलं जाहिरात कंपनीचं ऑफिस तिने आतून बघितलेलं होतं, नोकरी केली होती तिने तशी, ऑफिसातल्या कुचाळक्या आजही जशाच्या तशा लागू.

स्पॉयलर, सिनेमे, मराठी पुस्तकं, थोडक्यात

मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचू नका. प्रस्तावना तर मुळीच नको, विद्वान लोक बिनदिक्कत खुनी सांगून मोकळे होतात. नेटवर पात्राचं नाव टाकून सर्च करू नका, पहिल्याच ओळीत फुटतं. 'द माउसट्रॅप' नाटक लंडनमध्ये १९५२ पासून चालू आहे (कोरोनात बंद होतं तेवढं सोडा), आणि शेवटी प्रेक्षकांना विनंती करतात की बाहेर सांगू नका. लोक पाळतात. आपण व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढं पाळायला हरकत नाही. सिनेमे-सिरियल आधी बघू नका, कारण ज्या रोलला मोठा ॲक्टर घेतलाय तोच खुनी असं निम्म्या वेळा निघतं. पुस्तकानंतर मात्र डेव्हिड सुशेचा पुआरो आणि जेरेमी ब्रेटचा होम्स सोडू नका.

मराठीत होम्स भालबा केळकरांनी आणला, ख्रिस्तीच्या पुष्कळ कादंबऱ्या मधुकर तोरडमलांनी, हो तेच, 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' वाले. अनुवाद घेताना पूर्ण आहे का संक्षिप्त ते बघा, संक्षिप्तात सगळ्यात आधी कंटाळवाणे प्रसंग कापतात आणि पुरावे तिथेच असतात, म्हणजे झालंच. बाबूराव अर्नाळकरांची झुंजार आणि काळा पहाड ही वेगळी चीज, हजाराच्या वर पुस्तकं लिहिली माणसाने, वेग असा की पान खाली ठेवता येत नाही, पण तिथे वही-पेन्सिल घेऊन बसू नका, ती धावपळीची गोष्ट आहे, कोड्याची नाही. कोडंच हवं आणि तेही आपल्या मातीतलं, तर बंगालीतला ब्योमकेश, १९३२ पासूनचा, दूरदर्शनवर १९९३ मध्ये रजित कपूरने केलेला तोच. जपानकडे जायचं असेल तर सेइशी योकोमिझोची 'द होन्जिन मर्डर्स', बर्फ, बंद खोली आणि वाड्यातलं लग्न.

फुकट काय मिळतं तर डॉयल, चेस्टरटन, पो, कॉलिन्स सगळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहेत. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट चालतो, ख्रिस्ती १९७६ मध्ये गेली, त्यामुळे तिच्यासाठी २०३६ संपेपर्यंत विकत किंवा लायब्ररी. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ढिगाने असतात, फक्त घेण्याआधी शेवटची पानं आहेत का ते बघून घ्या, हा सल्ला मस्करीत देत नाहीये. आणि पहिल्या पानावर आधीच्या मालकाने पेन्सिलीने एखाद्या नावाखाली रेघ मारलेली असेल तर तिकडे न बघता पुढे जा.

'कर्टन' शेवटी ठेवा. पुआरोची ही शेवटची केस ख्रिस्तीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून बाजूला ठेवली होती, छापली १९७५ मध्ये, आणि तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने पुआरोच्या निधनाची बातमी पहिल्या पानावर दिली. ती परत स्टाइल्सच्याच घरात घडते, त्यामुळे आधी 'स्टाइल्स' वाचलेलं पाहिजेच, आणि मध्ये दहा-बारा पुआरो झालेले असले तर उत्तम.